आठवीला सेमी घेतलं आणि गणित घसरलं, आता काय करावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होती आणि गणितात वर्गात पहिल्या पाचांत असायची. आठवीला हायस्कूलमध्ये सेमीची तुकडी घेतली, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. पहिल्या घटक चाचणीत गणितात निम्मे गुणसुद्धा मिळाले नाहीत. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी गणितातले इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करून घेते आहे. शब्द येतात, गणित येत नाही. चुकतंय कुठं? आणि मुलीला परत मराठी तुकडीत टाकावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लगेच तुकडी बदलू नका. अकरावीला विज्ञान घ्यायचं म्हटलं तर सगळं इंग्रजीतूनच असतं. तिथं विषय नवा, वेग दुप्पट आणि त्यात भाषाही नवी, असं तिन्ही एकदम अंगावर येतं. आठवीचं तसं नाही. समांतर रेषा, घातांक, अवयव, समीकरणं यातल्या बऱ्याच गोष्टींची तोंडओळख तिला सातवीपर्यंत मराठीतून झालेली आहे. ओळखीच्या गणितावर नवी भाषा शिकून घ्यायला यापेक्षा सोयीचं वर्ष मिळणार नाही.

पण त्याआधी एक तपासणी करा. त्या घटक चाचणीतली तिनं चुकवलेली उदाहरणं घ्या, तशीच मराठी पुस्तकातली शोधा आणि तिला सोडवायला द्या. मराठीतून सुटली तर दुखणं भाषेचं आहे, आणि पुढं लिहितोय ते सगळं तिच्यासाठी आहे. मराठीतूनही अडली तर इंग्रजीला बोल लावू नका. सहावी-सातवीचे अपूर्णांक आणि ऋण संख्या पुन्हा काढा, ते कच्चं असणार. मी शिकवतो त्या वर्गांत 'इंग्रजीमुळे अडलं' म्हणून येणाऱ्या मुलांत अशीही काही निघतात, आणि आठवीत भाषा बदलल्यामुळे त्या जुन्या भेगा नुसत्या दिसायला लागलेल्या असतात.

आता शब्दांकडे येऊ. तुम्ही पाठ करून घेताय ते बहुतेक वस्तूंची नावं असणार. रेडियस, पॅरलल, कोइफिशंट, क्वाड्रिलॅटरल वगैरे. ते चांगलंच आहे, पण त्यांची फार काळजी नको. शिक्षक ते शब्द तासाला दहा वेळा उच्चारतात, शेजारी फळ्यावर आकृती असते, दिवाळीपर्यंत ते आपोआप तोंडात बसतात. गुण जातात ते दुसऱ्याच शब्दांपायी, आणि ते शब्द कुठल्याच यादीत नसतात: ऑफ, बाय, टू, फ्रॉम, दॅन, ईच, ओन्ली, लेट, अ‍ॅट लीस्ट, रिस्पेक्टिव्हली. 'फ्रॉम'चा अर्थ विचारलात तर मुलगी झटकन 'पासून' सांगेल. उत्तर बरोबर, आणि गणिताच्या कामाचं नाही.

उदाहरण बघा. 'सबट्रॅक्ट 7 फ्रॉम 15.' मराठीत आपण '15 मधून 7 वजा करा' म्हणतो. ज्या क्रमानं ऐकलं त्याच क्रमानं लिहिलं, 15 − 7, की झालं. इंग्रजीत 7 आधी येतो. आकडे लहान असताना मुलं चुकत नाहीत, कारण मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्यांना वाक्य न वाचताच कळतं. बैजिक राशी आल्या की हा आधार जातो. 'सबट्रॅक्ट 3क्ष − 2य फ्रॉम 5क्ष + य' असं आलं की मुलगी ओळीनं लिहीत जाते: 3क्ष − 2य, मग वजा, मग कंसात 5क्ष + य. उत्तर येतं −2क्ष − 3य. बरोबर उत्तर आहे 2क्ष + 3य. म्हणजे आकडे सगळे बरोबर आणि चिन्हं सगळी उलटी. तपासणारे शिक्षक 'चिन्हांकडे लक्ष दे' असा शेरा मारतात, घरी चिन्हांचे नियम पुन्हा घोकून घेतले जातात, आणि पुढच्या चाचणीत तीच चूक परत होते. कारण चिन्हांची चूक तिनं केलेलीच नव्हती. तिच्या वहीत सगळी चिन्हं एकदम पालटलेली दिसली तर आधी 'फ्रॉम' तपासा.

'दॅन'चंही असंच. '5 मोअर दॅन क्ष' म्हणजे क्ष + 5. '5 इज मोअर दॅन क्ष' म्हणजे 5 > क्ष. मध्ये एक 'इज' आला आणि बेरजेची असमानता झाली. '3 लेस दॅन ट्वाइस य' हे 2य − 3 असतं, पण डावीकडून उजवीकडे लिहीत गेलं की हमखास 3 − 2य होतं.

एक शाब्दिक उदाहरण सावकाश बघू. 'टू नंबर्स डिफर बाय 3. ट्वाइस द स्मॉलर नंबर इज 5 मोअर दॅन द लार्जर. फाइंड द नंबर्स.' मोठी संख्या क्ष, लहान य. पहिलं समीकरण क्ष − य = 3, ते बहुतेकांना जमतं. दुसऱ्या वाक्यात मुलांचे डोळे ओळखीचे शब्द वेचत जातात: 'ट्वाइस', 'स्मॉलर', '5', 'मोअर', 'लार्जर'. मग लिहितात 2य + 5 = क्ष. आता गंमत अशी की हे चुकीचं समीकरणही व्यवस्थित सुटतं. य = −2, क्ष = 1, फरक 3. मुलगी पहिल्या वाक्याशी ताळा करते, तो जमतो, आणि ती खूश. पण दुसरं वाक्य पुन्हा वाचलं तर −2 ची दुप्पट −4, आणि 1 पेक्षा 5 ने जास्त म्हणजे 6. कुठं काय जुळतंय? त्या वाक्यात बराबरीचं चिन्ह 'इज'मध्ये आहे. 'इज'च्या डावीकडे जे आहे ते डावी बाजू, उजवीकडचं ते उजवी बाजू: 2य = क्ष + 5. मग य = 8, क्ष = 11. मराठी वाक्यात 'लहान संख्येची दुप्पट ही मोठ्या संख्येपेक्षा 5 ने जास्त आहे' असं असतं, 'आहे' शेवटी येतं, त्यामुळे मराठीतून आलेलं मूल बराबरी वाक्याच्या मध्यावर शोधतच नाही. मी मुलांना पेन्सिलीनं 'इज', 'आर', 'वॉज', 'विल बी' यांना गोल करायला लावतो आणि तिथंच खाली = लिहायला सांगतो. यंत्रासारखी युक्ती आहे, 'देअर आर' सारख्या ठिकाणी ती फसते, पण सुरुवातीच्या महिन्यांत खूप उपयोगी पडते.

'बाय' आणि 'टू' हेही एकदा वेगळे करून द्या. 400 रुपयांची किंमत 'रिड्यूस्ड बाय 20 पर्सेंट' झाली तर 320 होते, 'रिड्यूस्ड टू 20 पर्सेंट' झाली तर 80. मराठीत 'टक्क्यांनी' आणि 'टक्क्यांवर'. आठवीत सूट व कमिशनचा धडा आहे, तिथं हे लगेच कामाला येतं.

आता लिहिण्याबद्दल. समीकरण मांडण्याआधी 'समजा, मुलाचं वय क्ष वर्षे आहे' असं लिहायचं असतं. सेमीतली मुलं त्याचं 'लेट द एज ऑफ द बॉय इज क्ष' करतात. हवं 'बी'. 'लेट' आलं की 'बी', एवढंच पाठ करायला सांगा, कारण विचारू देऊ नका. तिथं 'इज' लिहिलं म्हणून मी तरी कधी गुण कापत नाही. पण ही ओळ गाळलेली असते तेव्हा मात्र कापावे लागतात, कारण क्ष म्हणजे वय की वर्षांचा फरक की आणखी काही, हे कळायला मार्ग नसतो. इंग्रजी येत नाही म्हणून मुलं वाक्यंच टाळतात आणि नुसत्या समीकरणांची उतरंड लिहितात. त्यापेक्षा मोडकं वाक्य शंभर पटींनी बरं.

शब्दांच्या जोड्या पाठ करण्याचा एक तोटाही आहे, तो सांगून ठेवतो. मराठीतला एक आणि इंग्रजीतला एक अशी जोडी नेहमी लागत नाही. आपल्याकडे काटकोन त्रिकोणातली सर्वांत मोठी बाजूही कर्ण आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारी रेषाही कर्ण. इंग्रजीत पहिला हायपोटेन्यूज, दुसरा डायगोनल. यादीत एकच जोडी लिहिलेली मुलगी पायथागोरसच्या प्रमेयात डायगोनल लिहून येते. अंश म्हणजे अपूर्णांकातला न्यूमरेटर आणि कोन मोजायची डिग्री. कंस म्हणजे ब्रॅकेट आणि वर्तुळाचा आर्क. उलट दिशेनंही आहेच. इंग्रजीतला एक स्क्वेअर आपल्याकडे चौरस आणि वर्ग असा दोन ठिकाणी जातो. मीडियन त्रिकोणात मध्यगा असते आणि सांख्यिकीत मध्यक. तिला आठवीत शिरोलंब व मध्यगांच्या धड्यात मीडियन भेटेल आणि नववीत सांख्यिकीत पुन्हा भेटेल, तेव्हा तो आधीचाच म्हणून ती त्रिकोण शोधत बसेल. म्हणून यादी करायचीच तर शब्दापुढे अर्थ लिहू नका. लहानशी आकृती काढा किंवा अर्ध्या ओळीचं उदाहरण लिहा. आणि दहावीत गेल्यावर डिटर्मिनंट आणि डिस्क्रिमिनंट हे दोघं लागोपाठच्या प्रकरणांत येतात, एक क्रेमरच्या पद्धतीत आणि दुसरा वर्गसमीकरणात. मराठीत निश्चयक आणि विवेचक म्हटलं की घोळ होत नाही, इंग्रजीत दोन्ही कानाला सारखेच लागतात. तिथं माझी मुलं मराठी शब्दच मनात धरतात. चालतं की.

भूमितीचं दुखणं वेगळं आहे. तिथं वाक्यं लांब असतात आणि विशेषणं नामाच्या मागून लोंबत येतात. 'अ टँजंट ड्रॉन फ्रॉम अ पॉइंट आउटसाइड द सर्कल.' आपण म्हणतो 'वर्तुळाबाहेरील बिंदूतून काढलेली स्पर्शिका'. सगळं वर्णन आधी, वस्तू शेवटी. इंग्रजीत नेमकं उलटं. सगळं वाक्य वाचून मग त्याचं मराठी करायला गेलं की मुलगी मध्येच हरवते. भाषांतर करू देऊ नका, चित्र काढू द्या. स्वल्पविराम आला की थांबायचं आणि तेवढं आकृतीत घालायचं. 'पॉइंट पी इज ऑन सेग एबी' वाचलं की रेख काढून पी टाकायचा. 'सच दॅट एपी इज टू पीबी इज 2 इज टू 3' आलं की पी थोडा ए कडे सरकवायचा आणि वर 2, 3 लिहायचं. प्रश्न संपेपर्यंत आकृती तयार असते, आणि मग इंग्रजीकडे परत बघावंही लागत नाही. आकृती मोठी काढायला सांगा, अर्ध्या पानाची. कोपऱ्यातल्या नखाएवढ्या त्रिकोणात काही भरता येत नाही.

शिडीचं उदाहरण तर दरवर्षी कुणीतरी चुकवतंच. 13 मीटर लांबीची शिडी जमिनीपासून 12 मीटर उंचीवरच्या खिडकीला टेकते, 'फाइंड द डिस्टन्स ऑफ द फूट ऑफ द लॅडर फ्रॉम द बेस ऑफ द वॉल.' उत्तर 5 मीटर, पायथागोरस. पण एक हुशार मुलगा मला विचारत होता, 'सर, मीटरचे फूट करायचे का?' त्याच्या दृष्टीनं प्रश्न रास्त होता. घरी जागा मोजताना फूटच ऐकलेले. शिडीला पाय असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संभाव्यतेत 'अ‍ॅट लीस्ट' आहे. ते प्रकरण यायला तिला वेळ आहे, पण आत्ताच कानावर घालून ठेवा. दोन नाणी फेकली, 'अ‍ॅट लीस्ट वन हेड' मिळण्याची संभाव्यता किती? मुलं 'वन हेड' वाचतात आणि एकच छापा पडलेले दोन निकाल मोजून 2/4 लिहितात. किमान एक म्हणजे दोन छापेही चालतात, उत्तर 3/4. आणि पत्ते! फेस कार्ड, स्पेड, क्लब. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर घरात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे प्रकरण सोपं जातं. ज्या घरात पत्ते वर्ज्य, तिथलं मूल 52 पत्त्यांत लाल किती यावरच अडतं. मे महिन्यात चार दिवस मेंढीकोट खेळू द्या, अभ्यासच आहे तो.

आता एक गोष्ट करू नका म्हणून सांगतो, कारण बरेच पालक ती करतात. पाढे इंग्रजीत पाठ करायला लावू नका. 'बारा सत्ते चौऱ्याऐंशी' तिच्या जिभेवर आहे, ते क्षणात येतं. 'ट्वेल्व्ह सेव्हन्स आर' म्हणायला गेली की आधी गुणाकार मराठीत करणार, मग उत्तराचं इंग्रजी करणार, आणि त्यात वेळ जाणार. हिशेब ज्या भाषेत शिकला त्याच भाषेत डोक्यात चालतो, चालू द्या. उत्तर आकड्यांत लिहायचं आहे.

संख्या ऐकून लिहिण्याचा सराव मात्र हवा. त्रेसष्टमध्ये तीन आधी आणि साठ नंतर, सिक्स्टी-थ्रीमध्ये उलटं. शिक्षक भराभर आकडे सांगतात तेव्हा मराठीतून आलेली मुलं 63 चे 36 करून बसतात. या उलट्या क्रमावर 2019 मध्ये केवढा वाद झाला होता आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्षा होत्या, आणि बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत आली होती. मला स्वतःला सत्तावीस प्रिय आहे, पण त्रास खरा आहे हे त्या वादात टिंगल करणाऱ्यांनी कधी वर्गात बसून पाहिलेलं नसावं. दशांश अपूर्णांकांत आणखी एक खोड काढायला हवी. 3.25 ला आपण बोलताना 'तीन पॉइंट पंचवीस' म्हणतो. मग 3.7 हे 3.25 पेक्षा लहान वाटतं, कारण सात पंचवीसपेक्षा लहान. इंग्रजीत 'थ्री पॉइंट टू फाइव्ह' असंच वाचायचं, आणि माझं म्हणणं, मराठीतही 'दोन पाच' म्हणायची सवय लावा.

रोजचा सराव कसा घ्यायचा ते सांगतो. तुम्हाला इंग्रजी कितपत येतं याच्याशी त्याचा संबंध नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. गणिताच्या दोन्ही पुस्तकांत धडे तेच, सरावसंचांचे क्रमांक तेच, उदाहरणं तीच. आज वर्गात जो सरावसंच झाला त्यातली दोन शाब्दिक उदाहरणं तिनं इंग्रजीतून मोठ्यानं वाचायची आणि पुस्तक मिटून तुम्हाला मराठीत सांगायची: काय दिलंय, काय काढायचंय. तुम्ही मराठी पुस्तकात बघून बरोबर की चूक ते सांगा. सोडवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं. याउलट मराठी पुस्तकातलं वाक्य बघून इंग्रजी सांगायला लावू नका, ती इंग्रजीची परीक्षा होईल आणि पोर कंटाळेल.

दुसरा सराव चिन्हं वाचण्याचा. वहीतलं समीकरण तिनं इंग्रजीत म्हणून दाखवायचं. (क्ष + 3)² हे 'क्ष प्लस थ्री द होल स्क्वेअर', आणि क्ष² + 9 हे 'क्ष स्क्वेअर प्लस नाइन'. 'द होल' गिळलं की कंस गेला, आणि कंस गेला की मधलं 6क्ष गेलं. विस्तार सूत्रांच्या धड्यात याचा पुरेपूर उपयोग होतो. आठवीच्या वर्गात तोंडानं नीट 'द होल' म्हणणारी मुलं मधलं पद सहसा विसरत नाहीत.

प्रश्नाच्या पहिल्या शब्दाकडेही बघायला शिकवा. 'फाइंड' असेल तर उत्तर काढायचं. 'शो दॅट' किंवा 'प्रूव्ह' असेल तर उत्तर समोर दिलेलंच आहे, तिथंपर्यंत पायऱ्या लिहायच्या. 'व्हेरिफाय' म्हणजे किमती घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का बघायचं. 'हेन्स' आलं तर वरच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरायचं, नव्यानं सुरू करायचं नाही. दहावीच्या बोर्डाच्या पेपरात कृती पूर्ण करा प्रकारचे प्रश्न असतात, सोडवणूक छापलेली आणि मध्ये रिकाम्या चौकटी. ते सोपे गुण म्हणून सांगतात, पण सेमीच्या मुलांना तिथंच दुसऱ्यानं लिहिलेलं इंग्रजी ओळ न ओळ वाचावं लागतं. पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास, बीजगणित आणि भूमिती वेगवेगळे. त्यामुळे संथ वाचणारं मूल शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचत नाही. तिच्याकडे अजून दोन वर्षं आहेत, वाचनाचा वेग तोवर येईल.

क्लासबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते पुढं येणारच. लावायचाच असेल तर आधी एक दिवस मागच्या बाकावर बसून बघा. शाब्दिक उदाहरण कोण वाचतं? बहुतेक ठिकाणी सर वाचतात, सरच मराठीत समजावतात, समीकरणही सरच फळ्यावर मांडतात आणि मग 'आता सोडवा' म्हणतात. समीकरण सोडवणं तुमच्या मुलीला सातवीपासून येतंय, त्यासाठी पैसे देऊ नका. जिथं मुलांना स्वतः वाचायला लावून पहिली ओळ त्यांच्याकडून लिहून घेतात, असा क्लास जवळपास असेल तर लावा, नाहीतर ती दोन पुस्तकं आणि संध्याकाळची वीस मिनिटं पुरेत.